सेंट थॉमस कॅथेड्रल, मुंबई

सेंट थॉमस कॅथेड्रल हे मुंबईच्या फोर्ट भागात, हॉर्निमन सर्कललगत वीर नरिमन मार्गावर असलेले अँग्लिकन परंपरेतील चर्च आहे. मुंबईतील हे पहिले अँग्लिकन चर्च होय. त्याची पायाभरणी ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड आँजियर याच्या कारकिर्दीत १६७६ साली झाली. मात्र काम सुमारे चाळीस वर्षे रखडल्यामुळे ते उपासनेसाठी १७१८ च्या नाताळात खुले झाले. १८३७ मध्ये मुंबईचे स्वतंत्र बिशपक्षेत्र स्थापन झाल्यावर या चर्चला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा मिळाला. १९७० पासून ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त चर्चच्या मुंबई बिशपक्षेत्रात येते.

ब्रिटिशांनी मुंबईत उभारलेल्या आणि आजही मूळ कारणासाठी वापरात असलेल्या सर्वांत जुन्या इमारतींमध्ये या चर्चची गणना होते. ‘चर्चगेट’ हे नाव याच चर्चवरून आले, तसेच एकोणिसाव्या शतकात शहरातील मैलांचे अंतर याच वास्तूपासून मोजले जाई. वसाहतकालीन स्मारकशिल्पांचा मोठा संग्रह हे या चर्चचे आणखी एक वैशिष्ट्य आहे.

नाव

येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी संत थॉमस याचे नाव या चर्चला दिलेले आहे. संत थॉमसने इसवी सनाच्या पहिल्या शतकात भारतात येऊन धर्मप्रसार केला, अशी केरळमधील ख्रिस्ती समाजाची जुनी परंपरा आहे. त्यामुळे भारतातील अनेक चर्चना त्याचे नाव आढळते. सुरुवातीच्या काळात मात्र इंग्रज रहिवासी या वास्तूचा उल्लेख केवळ ‘बॉम्बे चर्च’ असा करीत. तटबंदीच्या आत इंग्रजांचे दुसरे चर्चच नसल्याने वेगळ्या नावाची गरज भासत नसे.

पार्श्वभूमी

१६६१ च्या विवाहकरारानुसार पोर्तुगालच्या राजाने मुंबई बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास आंदण दिले. १६६८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले. पोर्तुगीज अमलात बेटावर कॅथलिक चर्च उभी राहिली होती. माहीमचे सेंट मायकेल चर्च हे त्यांपैकी एक. नव्याने आलेले इंग्रज प्रॉटेस्टंट पंथाचे असल्याने या चर्चचा त्यांना उपयोग नव्हता. त्यांची उपासना किल्ल्यातील एका खोलीत होत असे.

१६६९ ते १६७७ या काळात जेराल्ड आँजियर हा सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष व मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबई ही केवळ वखारीची जागा न राहता वसते शहर व्हावे, हे त्याचे धोरण होते. त्याने बेटावर न्यायालयाची व्यवस्था लावली आणि निरनिराळ्या जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांना येथे स्थायिक होण्यास उत्तेजन दिले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या १६७४ मधील राज्याभिषेकप्रसंगी रायगडावर गेलेला हेन्री ऑक्झेंडन हा याच आँजियरचा प्रतिनिधी होता. १६६४ व १६७० मध्ये मराठ्यांनी सुरतेवर केलेल्या स्वाऱ्यांमुळे कंपनीला सुरतेला पर्यायी ठिकाणाची निकड जाणवू लागली होती. चर्चची योजना या व्यापक धोरणाचा भाग होती. रोगराईमुळे बहुसंख्य इंग्रज काही वर्षांतच मृत्युमुखी पडत असलेल्या या बेटावर दगडी चर्च बांधणे म्हणजे कायम वास्तव्याचा निश्चय प्रकट करणे होते.

आँजियरने १६७५ मध्ये मुंबईच्या ख्रिस्ती समाजाला दिलेला चांदीचा उपासनापात्र-संच कॅथेड्रलच्या जुन्या ठेव्यात गणला जातो. १६७६ मध्ये चर्चचा पाया घातला गेला. पुढच्याच वर्षी आँजियरचा सुरतेस मृत्यू झाला.

रखडलेले बांधकाम

आँजियरनंतर काम थांबले. भिंती सुमारे पंधरा फूट उंचीपर्यंत आल्या होत्या आणि जवळजवळ चार दशके त्या तशाच छपराविना उभ्या राहिल्या. या काळात मुंबईवर अनेक संकटे आली. कंपनीचा अधिकारी सर जॉन चाइल्ड याने मोगलांशी ओढवून घेतलेल्या वैराचा परिणाम म्हणून १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मुंबई बेटावर उतरला आणि १६९० पर्यंत त्याने बेटाचा मोठा भाग व्यापून किल्ल्यास वेढा घातला. त्यानंतरही रोगराई व मनुष्यबळाची टंचाई यांमुळे वसाहत दुर्बळच राहिली.

चर्चसाठी जमवलेल्या पैशाचे काय झाले, हा वादाचा विषय आहे. मुंबईत वास्तव्य केलेला प्रवासी व व्यापारी अलेक्झांडर हॅमिल्टन याने आपल्या प्रवासवर्णनात, वर्गणीतून जमलेली रक्कम चाइल्डने स्वतःसाठी वापरली, असा आरोप केला आहे. हॅमिल्टन हा चाइल्डचा कडवा टीकाकार होता, हे हा आरोप वाचताना ध्यानात घ्यावे लागते. रक्कम कोणत्याही मार्गाने गेली असली, तरी अठराव्या शतकाच्या आरंभी अर्धवट भिंतींखेरीज या योजनेचे काहीही शिल्लक नव्हते.

रिचर्ड कॉब आणि चर्चची उभारणी

रिचर्ड कॉब हा कंपनीचा धर्मगुरू (चॅपलेन) १७१४ मध्ये मुंबईस आला. पडीक भिंती पाहून त्याने १७१५ मध्ये प्रवचनातून व पत्रव्यवहारातून चर्च पुरे करण्याचे आवाहन केले. मुंबईतील अधिकाऱ्यांबरोबरच कंपनीच्या अन्य ठाण्यांवरील इंग्रजांकडूनही वर्गणी मागण्यात आली. कॉबने या सर्व प्रयत्नांची हकिगत पुढे ‘बॉम्बे चर्च’ या पुस्तकात मांडली. ते १७६६ मध्ये प्रसिद्ध झाले. चर्चच्या आरंभीच्या इतिहासासाठी ते प्रमुख साधन मानले जाते. तथापि ते स्वतः कॉबनेच, आपल्या कार्याचे समर्थन करण्याच्या भूमिकेतून लिहिलेले आहे.

डिसेंबर १७१५ मध्ये चार्ल्स बून गव्हर्नर झाला. त्याच्या कारकिर्दीत (१७१५–१७२२) चर्चच्या कामास गती आली आणि त्याच सुमारास शहराभोवती तटबंदीही बांधली जाऊ लागली. तटाला तीन मुख्य दरवाजे होते : उत्तरेस बाजारगेट, दक्षिणेस अपोलो गेट आणि पश्चिमेस, चर्चकडे येणाऱ्या रस्त्यावर, चर्चगेट. चर्च व तट ही दोन बांधकामे एकाच काळातील असणे हा योगायोग नव्हता. कोकण किनाऱ्यावर सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे वर्चस्व होते आणि त्यांच्याशी कंपनीचा उघड संघर्ष चालू होता. बूनने आंग्र्यांच्या ठाण्यांवर धाडलेल्या मोहिमा अयशस्वी ठरल्या. त्यांपैकी खांदेरीवरील मोहीम १७१८ च्या उत्तरार्धातच, म्हणजे चर्च खुले होण्याच्या थोडे आधी, फसली होती.

उद्घाटन आणि रामा कामाठी प्रकरण

२५ डिसेंबर १७१८ रोजी, नाताळच्या दिवशी, चर्च उपासनेसाठी खुले करण्यात आले. गव्हर्नर बून व त्याच्या कौन्सिलचे सभासद समारंभपूर्वक चर्चमध्ये आले. उपासनेनंतर एका बालकास बाप्तिस्मा देण्यात आला आणि त्याच्या धर्मपालकांमध्ये स्वतः गव्हर्नर होता. त्यानंतर मेजवानी होऊन तोफांची सलामी देण्यात आली.

कॉबच्या वृत्तान्तातील एक नोंद मराठी वाचकांच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. रामा कामाठी हा मुंबईतील धनाढ्य शेणवी गृहस्थ आपल्या ज्ञातिबांधवांसह या प्रसंगी आला होता आणि उपासना संपेपर्यंत ही मंडळी चर्चच्या बाहेर उभी राहून ती पाहत होती, असे कॉबने लिहिले आहे. रामा कामाठी हा कंपनीच्या एतद्देशीय शिपायांचा सरदार होता. पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालेल्या वाळकेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार १७१५ च्या सुमारास त्यानेच केला. अशा रीतीने, ज्या वर्षी कॉब चर्चसाठी वर्गणी जमवीत होता, त्याच सुमारास बेटाच्या दुसऱ्या टोकास मलबार टेकडीवर एक जुने देवस्थान नव्याने उभे राहत होते. धार्मिक सहिष्णुतेमुळे मुंबईकडे व्यापारी आकर्षित झाले, या विधानास ही दोन्ही बांधकामे पुष्टी देतात.

या सहिष्णुतेला असलेली मर्यादा लवकरच स्पष्ट झाली. १७२० मध्ये रामा कामाठीवर कान्होजी आंग्रे यांच्याशी गुप्त संधान बांधल्याचा आरोप ठेवण्यात आला. बूनच्या राजवटीत चाललेल्या या खटल्यात तो दोषी ठरला, त्याची मालमत्ता जप्त झाली आणि त्यास कैदेत टाकण्यात आले. साक्षी मिळवण्यासाठी छळाचा अवलंब झाला आणि पुरावा म्हणून सादर केलेली पत्रे बनावट होती, असे मत मुंबईच्या नंतरच्या इतिहासलेखनात मांडले गेले आहे. चर्चच्या उद्घाटनास ज्याने गव्हर्नराच्या बरोबरीने हजेरी लावली, त्यालाच दोन वर्षांत त्याच गव्हर्नराच्या कारकिर्दीत राजद्रोही ठरवले गेले. चर्चच्या आत लागलेल्या असंख्य स्मृतिफलकांमध्ये रामा कामाठीचा उल्लेख अर्थातच नाही; त्याचे नाव या वास्तूशी जोडलेले राहिले आहे ते केवळ कॉबच्या ग्रंथामुळे.

चर्च ते कॅथेड्रल

१७१८ मध्ये चर्च खुले झाले असले, तरी बिशपच्या हस्ते होणारा विधिपूर्वक अभिषेक तेव्हा झाला नव्हता. त्या वेळी भारतात अँग्लिकन बिशपच नव्हता. १८१४ मध्ये कलकत्त्याचे बिशपक्षेत्र स्थापन झाले आणि तेथील पहिला बिशप थॉमस मिडलटन याने १८१६ मधील मुंबईभेटीत या चर्चचा अभिषेक केला. दरम्यान फेब्रुवारी १८०३ मध्ये फोर्टच्या उत्तर भागात भीषण आग लागून शेकडो घरे भस्मसात झाली होती. चर्च मात्र त्यातून वाचले.

१८३७ मध्ये मुंबईचे स्वतंत्र बिशपक्षेत्र निर्माण झाले व थॉमस कार हा पहिला बिशप नेमला गेला. यामुळे सेंट थॉमस चर्च हे कॅथेड्रल झाले. नव्या दर्जास साजेसा बदल म्हणून १८३८ मध्ये पश्चिम टोकावरील जुन्या ठेंगण्या घंटाघराच्या जागी उंच मनोरा बांधण्यात येऊन त्यावर घड्याळ बसवण्यात आले.

कॅथेड्रलच्या गायकवृंदासाठी मुलांना शिक्षण देण्याच्या हेतूने १८६० मध्ये एक शाळा सुरू झाली. तिचेच रूपांतर पुढे मुंबईतील कॅथेड्रल अँड जॉन कॉनन स्कूलमध्ये झाले. इंग्रज लेखक रड्यार्ड किपलिंग याचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला आणि त्याचा बाप्तिस्मा जानेवारी १८६६ मध्ये याच कॅथेड्रलमध्ये झाला.

१८६० च्या दशकातील विस्तार

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात भारतीय कापसास मोठी मागणी आली आणि मुंबईत अभूतपूर्व पैसा खेळू लागला. याच वर्षांत गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याने शहराची जुनी तटबंदी पाडण्याचा निर्णय अमलात आणला. कॅथेड्रलच्या विस्ताराची योजना या वातावरणात आखली गेली. तिचा आराखडा जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाने केला. तट पाडून मोकळ्या झालेल्या जमिनीच्या नियोजनासाठी नेमलेल्या समितीतही हाच ट्रबशॉ काम करीत होता.

मूळ योजना बरीच मोठी होती. परंतु अमेरिकेतील युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, १८६५ मध्ये शेअरबाजाराचा फुगा फुटला आणि देणग्यांचा ओघ आटला. परिणामी पूर्वेकडील चॅन्सेल, म्हणजे वेदी व गायकवृंद यांचा भाग, आणि ऑर्गनची खोली एवढेच काम प्रामुख्याने पूर्ण झाले. मुख्य दालनाचे जुने रूप बव्हंशी कायम राहिले. आज या वास्तूत दोन भिन्न शैली शेजारी शेजारी दिसतात, त्यामागे हा आर्थिक इतिहास आहे.

वास्तुरचना

चर्चची मांडणी पारंपरिक असून तिचा अक्ष पूर्व-पश्चिम आहे. प्रवेश पश्चिमेकडून, मनोऱ्याच्या बाजूने होतो आणि वेदी पूर्वेस आहे. लांबट मध्य दालन (नेव्ह), त्याच्या दोन्ही बाजूंस स्तंभांच्या ओळींनी वेगळी केलेली पार्श्वदालने आणि पूर्व टोकास चॅन्सेल, असे तिचे मुख्य भाग आहेत.

मध्य दालन हे अठराव्या शतकातील कंपनीकालीन बांधकामाचे उदाहरण आहे. जाड भिंती, साधे स्तंभ आणि अलंकरणाचा अभाव ही त्याची लक्षणे होत. त्या काळी मुंबईत कुशल युरोपीय वास्तुविशारद नव्हते. युरोपातील अभिजात शैलीचे स्थूल नियम पाळून, स्थानिक कारागिरांच्या हातून असे बांधकाम करून घेतले जाई. तत्कालीन चर्चमधील आसनव्यवस्था हुद्द्यानुसार ठरलेली असे. गव्हर्नर, कौन्सिलचे सभासद, अधिकारी व इतर रहिवासी यांच्या जागा वेगवेगळ्या होत्या.

चॅन्सेलचा भाग एकोणिसाव्या शतकातील गॉथिक पुनरुज्जीवन शैलीत आहे. उंच निमुळत्या कमानी आणि रंगीत काचचित्रे यांमुळे हा भाग दालनाच्या साधेपणापासून स्पष्टपणे वेगळा दिसतो. काचचित्रांत संत व देवदूत यांच्या आकृती आहेत. पूर्वेकडून येणाऱ्या सकाळच्या प्रकाशात ती उजळावीत, अशी त्यांची योजना आहे. मुंबईत पुढे उच्च न्यायालय, विद्यापीठ व व्हिक्टोरिया टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) यांच्या रूपाने गॉथिक शैलीचा जो बहर आला, त्याच्या आरंभकाळातील कामांत या चॅन्सेलचा समावेश होतो.

पश्चिमेकडील मनोरा चौरस आकाराचा असून परिसरातील उंच इमारतींमुळे आता तो दुरून दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मात्र तो फोर्टमधील एक ठळक खूण होता.

कॅथेड्रलच्या प्रांगणात, पश्चिम प्रवेशाजवळ, गॉथिक शैलीतील एक नक्षीदार कारंजे आहे. त्याचा आराखडा इंग्लंडमधील ख्यातनाम वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याने केला आणि त्यासाठी सर कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूर गृहस्थाने देणगी दिली. याच दोघांची नावे मुंबई विद्यापीठाच्या पदवीदान सभागृहाशीही जोडलेली आहेत. एका पारशी व्यापाऱ्याने अँग्लिकन कॅथेड्रलसाठी कारंजे देणे, हे त्या काळच्या मुंबईतील दानधर्माच्या पद्धतीस धरूनच होते. सार्वजनिक पाणपोया व कारंजी ही सर्वधर्मीयांच्या उपयोगाची कामे मानली जात.

स्मारके

चर्चच्या भिंतींवर संगमरवरी शिल्पे, पितळी पट्टिका व शिलालेख मोठ्या संख्येने आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनमधील नामांकित शिल्पकारांकडून स्मारके घडवून ती जहाजाने मुंबईस आणण्याची प्रथा पडली. कनिष्ठ जॉन बेकन या शिल्पकाराच्या कामाचे नमुने येथे पाहावयास मिळतात. प्रमुख स्मारके पुढीलप्रमाणे :

जोनाथन डंकन – १७९५ ते १८११ या काळात मुंबईचा गव्हर्नर. त्याचे दफन याच चर्चमध्ये झाले. मुंबईस येण्यापूर्वी तो बनारसला रेसिडेंट होता व तेथे १७९१ मध्ये संस्कृत महाविद्यालय स्थापन करण्यात त्याचा पुढाकार होता. बनारस परिसर व काठेवाड येथील काही घराण्यांत रूढ असलेली स्त्रीअर्भकहत्येची प्रथा बंद करण्याच्या त्याच्या प्रयत्नांचा निर्देश स्मारकावर आहे. प्रत्यक्षात ही प्रथा त्याच्या हयातीत संपुष्टात आली नाही आणि पुढील अनेक दशके तिच्याविरुद्ध उपाय योजावे लागले.

कर्नल जॉन कॅम्पबेल – टिपू सुलतानाने १७८३–८४ मध्ये मंगळूरला घातलेल्या वेढ्यात इंग्रज शिबंदीचा प्रमुख. किल्ला रिकामा करून मुंबईस परतल्यावर १७८४ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

कॅप्टन जॉर्ज निकोलस हार्डिंग – नेपोलियनच्या काळातील सागरी युद्धात, मार्च १८०८ मध्ये, सिलोनजवळ ‘पिएमाँतेझ’ हे फ्रेंच लढाऊ जहाज जिंकताना मारला गेलेला आरमारी अधिकारी.

सर फ्रेडरिक मेटलंड – १८१५ मध्ये वॉटर्लूच्या पराभवानंतर नेपोलियन ज्या ‘बेलेरोफॉन’ जहाजावर शरण आला, त्याचा कप्तान. १८३९ मध्ये मुंबईजवळ समुद्रात असताना त्याचे निधन झाले.

थॉमस कार – मुंबईचा पहिला बिशप. त्याची पहुडलेल्या अवस्थेतील संगमरवरी प्रतिमा येथे आहे.

हेन्री बॉवर्स – रॉयल इंडियन मरीनमधील अधिकारी. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवावरील मोहिमेत तो सहभागी होता व १९१२ मध्ये परतीच्या प्रवासात स्कॉटबरोबरच मृत्युमुखी पडला. त्याचा स्मृतिफलक येथे आहे.

यांखेरीज सामान्य सैनिक, व्यापारी, स्त्रिया व अल्पवयीन मुले यांचेही फलक आहेत. त्यांवरील वयांची नोंद पाहता अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मुंबईस आलेल्या युरोपीयांचे आयुर्मान किती अल्प होते, याची कल्पना येते. ज्वर, पटकी, सागरी अपघात व युद्ध ही मृत्यूची वारंवार आढळणारी कारणे होत.

ऐतिहासिक साधन म्हणून या स्मारकांचा उपयोग करताना त्यांचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. ती मृतांच्या आप्तांनी, सहकाऱ्यांनी किंवा कंपनीने उभारलेली असल्याने त्यांतील मजकूर गौरवपर आहे. युद्धांचा उल्लेख येतो तो एकाच बाजूने येतो. ज्यांच्याशी ती लढली गेली त्या मराठे, म्हैसूरकर वा अन्य पक्षांचे म्हणणे तेथे नाही. शिल्पांतून येणाऱ्या भारतीय व्यक्तिरेखा बहुधा निनावी असून शोक किंवा कृतज्ञता व्यक्त करण्याच्या भूमिकेत दाखवल्या आहेत. त्यामुळे ही स्मारके घटनांचा पुरावा म्हणून जितकी उपयुक्त आहेत, त्याहून अधिक ती राज्यकर्त्यांच्या स्वतःविषयीच्या कल्पनेचा पुरावा म्हणून महत्त्वाची ठरतात.

१९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज व राणी मेरी यांनी भारतभेटीत येथील उपासनेस उपस्थिती लावली होती. त्या वेळी त्यांनी वापरलेल्या खुर्च्या कॅथेड्रलमध्ये जतन केलेल्या आहेत.

शहराच्या जडणघडणीतील स्थान

चर्चसमोरील मोकळी जागा ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणून ओळखली जाई. निर्यातीच्या कापसाचे गठ्ठे येथे रचले जात असल्याने तिला ‘कॉटन ग्रीन’ असेही नाव पडले. १८४४ च्या सुमारास कापसाचा बाजार कुलाब्याकडे हलवण्यात आला. पुढे या मैदानाभोवती एकसारख्या दर्शनी भागांच्या इमारती बांधून १८६० च्या दशकात ‘एल्फिन्स्टन सर्कल’ची रचना सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांच्या स्मरणार्थ त्याचे ‘हॉर्निमन सर्कल’ असे नामकरण झाले.

चर्चजवळ चिंचेचे एक मोठे झाड होते व त्याच्या सावलीत लिलाव होत. गुजराती भाषक व्यापारी या जागेला ‘आमली आगळ’, म्हणजे चिंचेपुढची जागा, म्हणत. झाड गेले, तरी ‘टॅमरिंड लेन’ या गल्लीच्या नावात त्याची आठवण राहिली. त्याचप्रमाणे इंग्रज ज्या दरवाजाला चर्चगेट म्हणत, त्यास जवळच्या पवनचक्कीवरून ‘पवनचक्की दरवाजा’ असेही नाव होते. एकाच परिसरास निरनिराळे समाज आपापल्या उपयोगाच्या खुणांवरून ओळखत होते, असे या नावांवरून दिसते.

चर्चगेट हा दरवाजा १८६० च्या दशकात तटबंदीबरोबर पाडला गेला. त्याच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन हे कारंजे उभारण्यात आले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातील हुतात्म्यांचे स्मारकही याच चौकात असून तो आता ‘हुतात्मा चौक’ म्हणून ओळखला जातो. दरवाजा नाहीसा झाला, तरी त्याचे नाव तेथून पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्याला आणि त्या रस्त्याच्या टोकाशी झालेल्या रेल्वे स्थानकाला मिळाले. चर्चगेट स्ट्रीटला पुढे स्वातंत्र्यसेनानी खुर्शेद नरिमन यांच्यावरून ‘वीर नरिमन मार्ग’ हे नाव देण्यात आले. स्थानकाचे नाव मात्र बदलले नाही. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांनी रोज प्रवास करणाऱ्यांच्या तोंडी असलेल्या या नावातील ‘चर्च’ म्हणजे स्थानकापासून सुमारे एक किलोमीटर पूर्वेस असलेले सेंट थॉमस कॅथेड्रल होय.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत मैलाचे दगड बसवण्यात आले, तेव्हा या चर्चला शून्य स्थान मानण्यात आले. काळबादेवी, ताडदेव, दादर यांसारख्या भागांत हे दगड होते व त्यांवर सेंट थॉमस चर्चपासूनचे अंतर मैलांत कोरलेले होते. रस्त्यांची उंची वाढत गेल्याने अनेक दगड पदपथात गाडले गेले किंवा नाहीसे झाले. अलीकडे त्यांपैकी काहींचा शोध लावून ते पुन्हा दृश्यमान करण्यात आले आहेत.

जतन आणि सद्यस्थिती

समुद्राची दमट हवा, जोरदार पाऊस व वाहतुकीचे प्रदूषण यांचा परिणाम वास्तूवर होत राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस छपरातील गळती, भिंतींतील ओल आणि काचचित्रांची झालेली हानी या समस्या पुढे आल्या. वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या मार्गदर्शनाखाली कॅथेड्रलचे जतनकार्य हाती घेण्यात आले. या कामास २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कार मिळाला. उपासनेसाठी नित्य वापरात असलेल्या वास्तूचे, तो वापर चालू ठेवून केलेले जतन म्हणून या कामाकडे पाहिले जाते.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश अधिकारी व व्यापारी मायदेशी परतल्याने कॅथेड्रलच्या उपासकवर्गाचे स्वरूप पालटले. १९७० मध्ये अँग्लिकन व अन्य प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा कॅथेड्रल तिच्या अखत्यारीत आले. एकेकाळी हुद्द्यानुसार जागा वाटून दिलेल्या या दालनात आता मुंबईतील भारतीय ख्रिस्ती कुटुंबे उपासनेस बसतात. २०१८ मध्ये चर्च उपासनेसाठी खुले झाल्यास तीनशे वर्षे पूर्ण झाली. कॅथेड्रलमध्ये रविवारची व सणांची उपासना नियमित होते. इतर वेळी अभ्यासक व पर्यटकही वास्तू आणि स्मारके पाहण्यासाठी येथे येतात.